सास्काटूनचा ताळेबंद



बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षे कर्जविभागात गेली. गृहकर्जाचा अर्ज समोर आला की प्रथम अर्जदाराचे उत्पन्न पाहावे, नंतर मालमत्तेची कागदपत्रे, आणि शेवटी स्वतः जाऊन घर व परिसर पाहून यावा, हा माझा परिपाठ होता. निवृत्तीनंतर हे सारे मागे पडले असे वाटत होते. परंतु गेल्या हिवाळ्यात मुलाच्या घरी, कॅनडातील सास्काटून या शहरात, जेवणाच्या टेबलावर त्याने माझ्यापुढे एक कागद सरकवला. ‘‘पप्पा, जरा नजर टाका,’’ एवढेच तो म्हणाला.

कागदावर एका घराचा हिशेब होता. किंमत चार लाख डॉलर, स्वतःची रक्कम ऐंशी हजार, कर्ज तीन लाख वीस हजार, मुदत पंचवीस वर्षे. माझी नजर सर्वांत आधी मुदतीवर गेली. मुलगा गेला तेव्हा घरात ठरले होते की पाच वर्षे अनुभव घ्यावा आणि परत यावे. रविवार कारंजावरील आमच्या मोठ्या बंधूंच्या किराणा दुकानात त्याची जागा राखलेली होती. बंधूंना मुलगा नाही, दोन्ही मुली सासरी सुखात आहेत. तेव्हा पंचवीस वर्षांचा तो आकडा म्हणजे आमच्या दुकानाच्या पुढच्या पिढीचे उत्तरच होते.

मी त्या रात्री मत दिले नाही. ‘‘मार्चअखेरपर्यंत वेळ दे,’’ असे सांगितले. आधी एकदा उन्हाळ्यात आम्ही उभयता तिथे राहून आलो होतो. आता संपूर्ण हिवाळा हाती होता. परिसराची पाहणी केल्यावाचून शिफारस करायची नाही, ही जुनी सवय. आपल्या समाजातील अनेक घरांची मुले आज अशाच लहान परदेशी शहरांत स्थिरावत आहेत आणि इथे त्यांच्या आईवडिलांना तिथल्या जगण्याची कल्पना फारशी नसते. म्हणून तो पाहणी अहवाल इथे मांडत आहे.

मुलूख आणि माणसे

शाळेच्या भूगोलात आपण ‘प्रेअरी’ हा शब्द शिकलो: उत्तर अमेरिकेतील गवताळ मैदाने, गव्हाचे कोठार. सास्काटून त्या प्रेअरीच्या मध्यावर, सस्कॅचेवान या प्रांतात आहे. हा प्रांत क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. पण २०२१च्या जनगणनेत त्याची संपूर्ण लोकसंख्या सुमारे ११ लाख ३२ हजार भरली. आपल्या नाशिक शहराची लोकसंख्या २०११ सालीच १४ लाख ८६ हजार होती. सास्काटून हे त्या प्रांतातले सर्वांत मोठे शहर, आणि त्याची लोकसंख्या २ लाख ६६ हजार. शहराच्या वेशीबाहेर गाडी काढली की क्षितिजापर्यंत एकही टेकडी नाही. ब्रह्मगिरी आणि पांडवलेणी पाहत वाढलेल्या डोळ्यांना ते सपाट रान पहिले काही दिवस सोसत नाही.

मूळची ही भूमी क्री, डकोटा आणि मेती लोकांची. १८८२ साली टोरांटोच्या काही मंडळींनी इथे दारूबंदीचे व्रत पाळणारी वसाहत वसवण्याचे ठरवले. जॉन लेक नावाचे गृहस्थ जागा निवडण्यासाठी आले, तेव्हा व्हाइटकॅप या डकोटा प्रमुखाने त्यांना नदीकाठची ही जागा सुचवली. पुढील वर्षी वसाहतकरी आले. दारूबंदी फार काळ टिकली नाही. आज तिथे दारूची दुकाने आहेत. परंतु एक शहर निर्व्यसनीपणाच्या संकल्पातून जन्माला आले, हे वाचून सौभाग्यवतींना त्या गावाविषयी थोडा आपलेपणा वाटला.

मला आपलेपणा वाटला तो निराळ्या कारणाने. ज्या मसुरीच्या डाळीची पोती मी लहानपणापासून आमच्या दुकानात पाहत आलो, तिचा मोठा हिस्सा आज याच प्रांतातून येतो. १९७०च्या सुमारापर्यंत सस्कॅचेवानचा शेतकरी गव्हावरच विसंबून होता. सास्काटूनच्या विद्यापीठात १९७१ साली पीक विकास केंद्र स्थापन झाले, तिथे डॉ. अल स्लिंकार्ड यांनी मसुरीवर काम केले आणि १९७८ साली ‘लेअर्ड’ हे वाण आले. त्यानंतर मसूर त्या प्रांताची झाली, आणि आज कॅनडा हा जगातील सर्वांत मोठा मसूर निर्यातदार आहे. डिसेंबर २०१७मध्ये आपल्या सरकारने मसूर आणि हरभऱ्यावर तीस टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा आमच्या बंधूंनी रविवार कारंजावर बसून जो उसासा टाकला तो मला आठवतो. त्याच बातमीने सस्कॅचेवानातील शेतकऱ्याचीही झोप उडाली असणार, हे मात्र तेव्हा मनात आले नव्हते.

दुसरा धागा पोटॅशचा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना लागणारे म्युरेट ऑफ पोटॅश आपल्या देशात तयार होत नाही. ते आयात करावे लागते. जगातील पोटॅशचे सर्वांत मोठे साठे सस्कॅचेवानच्या जमिनीखाली आहेत आणि त्याची परदेशी विक्री पाहणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालय सास्काटूनमध्येच आहे. व्यापारी कुटुंबातील मुलाला हे गाव अगदीच परके म्हणता येणार नाही.

थंडीची व्यवस्था

निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की आपल्याकडे वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी येते. सास्काटूनला जानेवारीत रात्री उणे वीस अंश ही नित्याची गोष्ट. उणे चाळीसचेही दिवस येतात. १८९३च्या फेब्रुवारीत तिथे उणे पन्नास अंशांची नोंद झालेली आहे. वाऱ्यामुळे थंडी उणे चाळीस इतकी जाणवू लागली की उघडी त्वचा दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. अशा ठिकाणी माणसे राहतात कशी, हा प्रश्न मला नाशिकमध्ये प्रत्येकाने विचारला.

उत्तर असे की ती घरात थंडी येऊच देत नाहीत. प्रत्येक घराच्या तळघरात नैसर्गिक वायूवर चालणारी भट्टी असते. तिची गरम हवा नळांवाटे खोल्याखोल्यांत पोहोचते. घरात आम्ही साध्या सुती कपड्यांत वावरत होतो. नाशिकच्या डिसेंबरात फरशीवर पाय ठेवताना अंगावर काटा येतो, तसा तिथे एकदाही आला नाही. पाण्याच्या वाहिन्या गोठू नयेत म्हणून जमिनीत खूप खोल पुरलेल्या असतात. मोटारीच्या इंजिनाला ऊब देणारे एक उपकरण असते आणि त्याची वायर गाडीच्या पुढच्या भागातून बाहेर लोंबत असते. रात्री ती विजेच्या प्लगमध्ये खोचून ठेवायची, नाही तर सकाळी गाडी सुरू होत नाही. कार्यालयांच्या वाहनतळांवरसुद्धा त्यासाठी विजेचे खांब उभे असतात. पहिल्यांदा ते पाहून मला वाटले होते की साऱ्या गावाने विजेवरच्या गाड्या घेतल्या आहेत.

वीज, वायू, दूरध्वनी आणि वाहनविमा या चारही सेवा देणाऱ्या मोठ्या संस्था प्रांत सरकारच्या मालकीच्या आहेत. आमच्या सहा महिन्यांच्या मुक्कामात वीज एकदाच गेली, तीही वीस मिनिटे. त्या वीस मिनिटांत सुनेच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली, तिच्यावरून या सोयीचे मोल कळले. आपल्याकडे वीज गेली की आपण ओट्यावर येऊन बसतो. तिथे कडाक्याच्या थंडीत वीज गेली तर भट्टीचा पंखा थांबतो आणि घर थंड पडू लागते.

नागरिकाचे कर्तव्य

पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवशी मुलगा कामावरून आला आणि कोट न काढताच फावडे घेऊन बाहेर गेला. घरापुढील पदपथावरचा बर्फ थांबल्यापासून ४८ तासांच्या आत ज्याचा त्याने काढावा, असा तिथल्या नगरपालिकेचा नियम आहे. दुकानदारांना २४ तासांची मुदत. मी कुतूहलाने खिडकीत उभा राहिलो. समोरच्या घरातील वृद्ध बाईंचा पदपथ कोण काढणार, असा प्रश्न माझ्या मनात येतो न येतो तोच मुलगा आपले संपवून तिकडे वळला. नंतर कळले की त्या बाईंचे अंगण गल्लीतील तिघे जण आळीपाळीने साफ करतात, आणि हे कोणी ठरवून दिलेले नाही.

कचऱ्याचे तीन डबे: काळा सर्वसाधारण कचऱ्याचा, निळा पुनर्वापराचा, आणि २०२३च्या मे महिन्यापासून हिरवा ओल्या कचऱ्याचा. आपल्या घंटागाडीसारखी हाक येत नाही. ठरलेल्या दिवशी डबा स्वतः रस्त्याकडेला नेऊन ठेवायचा. चुकलात तर पुढच्या फेरीपर्यंत कचरा घरात. सौभाग्यवतींनी तिसऱ्या आठवड्यापासून ते खाते स्वतःकडे घेतले.

माझी दुपार मात्र वाचनालयात जाई. आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, म्हणजे सास्काटून वसण्याच्या चार दशके आधीचे, हे मी तिथल्या ग्रंथपाल बाईंना अभिमानाने सांगितले. त्यांना ते खरेच मनापासून आवडले. पण त्यांच्या वाचनालयाने मला विचारात पाडले. शहरभर त्याच्या शाखा आहेत, रहिवाशाला वर्गणी नाही. लहान मुलांसाठी गोष्टींचे तास, नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे वर्ग, आणि ज्याला घरी थारा नाही अशा माणसाला दिवसभर उबेत बसायची मुभा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक फाटक्या कोटातला माणूस रोज वर्तमानपत्र धरून झोपे. त्याला कोणी उठवले नाही. उणे तीस अंशांत बाहेर काढणे म्हणजे काय, हे त्या कर्मचाऱ्यांना ठाऊक होते. गरिबी तिथेही आहे आणि त्या थंडीत ती फार क्रूर आहे. कॅनडा म्हणजे सुखच सुख असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नदीकाठी मैलोन्‌मैल पायवाट आहे. हिवाळ्यात जुन्या बेसबरो हॉटेलच्या बाजूला बर्फावर घसरत फिरण्याचे उघडे मैदान असते, प्रवेश विनामूल्य. आमची सात वर्षांची नात तिथे पाखरासारखी भिरभिरते. ‘‘दादाजी, तुम्ही पण या!’’ असा आग्रह ती करी आणि मी कठड्याला धरून उभा राही.

चूल आणि सूर्य

आपल्या घरांत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न स्वयंपाकाचा. भारतीय किराणा तिथे मिळतो. तूरडाळ, पोहे, बाजरीचे पीठ, हिंग, सारे काही. भाज्याही मिळतात, पण हिवाळ्यात मेथीची कोवळी जुडी पाहायला मिळाली तर किंमत विचारू नये. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असलेल्या घराला दुधी, कोबी, ढोबळी मिरची आणि कडधान्ये यांवर महिने काढावे लागतात. मसूर मात्र स्वस्त आणि उत्तम. सौभाग्यवतींनी सहा महिन्यांत मसुरीचे जेवढे प्रकार केले तेवढे लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत केले नसतील.

खरी दक्षता तयार पदार्थांची. दह्यात, गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असू शकते. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. सून प्रत्येक पुडा उलटून बारीक अक्षरे वाचते. नातही आता वाचते. शाळेत वाढदिवसाची मिठाई वाटली की ती आधी वेष्टन मागून घेते. बाईंना प्रथम नवल वाटले, पुढे त्यांनीच तिच्यासाठी वेगळा पुडा आणून ठेवायला सुरुवात केली.

परंतु तिथला सर्वांत कठीण हिशेब सूर्याचा आहे. सास्काटून ५२ अक्षांशावर. जूनच्या उत्तरार्धात सूर्य पहाटे पावणेपाचला उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो. चौविहार पाळणे म्हणजे काहीच श्रम नाहीत. तोच डिसेंबरात सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. नवकारशी करणाऱ्याने सकाळी दहापर्यंत पाणीही घ्यायचे नाही, आणि सायंकाळचे जेवण पावणेपाचच्या आत उरकायचे. सून सकाळी आठला अंधारात कामावर निघते आणि पाचनंतर अंधारातच परतते. मग ती करते काय? दोन डबे नेते. दुपारचा एक, आणि चार वाजताच्या सुट्टीत खायचा दुसरा. घरी आल्यावर मुलीला जेवू घालते, स्वतः काही घेत नाही. सासू म्हणून सौभाग्यवतींनी तिला तसे कधीही सांगितले नव्हते. माहेरून आणलेले व्रत ती तिथे जाऊन अधिक नेटाने पाळते, हे पाहून आम्ही दोघे निःशब्द झालो. नाशिकला, सहा वाजता सहज मावळणाऱ्या सूर्याच्या गावात, आपल्यापैकी किती घरांत रात्री दहाला ताटे मांडली जातात, हे ज्याचे त्याने आठवावे.

औषधोपचार

जानेवारीत नातीला ताप चढला. रात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेले. परिचारिकेने लगेच तपासले, प्रकृती गंभीर नाही असे ठरवले आणि आम्हाला बसायला सांगितले. आम्ही साडेपाच तास बसलो. नाशिकमध्ये असतो तर कॉलेज रोडवरील ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला फोन करून दहा मिनिटांत औषध सुरू झाले असते. मी मनातून संतापलो होतो. पहाटे डॉक्टर आले, त्यांनी शांतपणे सविस्तर तपासले, औषध लिहून दिले. निघताना मी सवयीने खिशात हात घातला. पैसे द्यायची खिडकीच नव्हती.

या व्यवस्थेचा जन्म याच प्रांतात झाला. मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांनी तिचा पाया घातला आणि त्यांच्यानंतर आलेल्या वुड्रो लॉइड यांच्या कारकिर्दीत १ जुलै १९६२ रोजी ती अमलात आली. त्याच दिवशी प्रांतातील डॉक्टरांनी संप पुकारला. तो तेवीस दिवस चालला आणि सास्काटूनमध्येच झालेल्या कराराने मिटला. पुढे साऱ्या देशाने ती पद्धत स्वीकारली. डॉक्टर आणि रुग्णालय यांचा खर्च करांतून भागतो. मात्र दात, चष्मा, बरीचशी औषधे आणि रुग्णवाहिका यांचे पैसे स्वतःला किंवा नोकरीतील विम्याला द्यावे लागतात. आणि आपल्यासारख्या पाहुण्यांना या व्यवस्थेचा लाभ नाही. आईवडिलांनी जाण्यापूर्वी वैद्यकीय विमा उतरवलाच पाहिजे, त्यात जुने आजार समाविष्ट आहेत की नाहीत हे वाचलेच पाहिजे. विम्याच्या कागदावरील बारीक अक्षरे दह्याच्या डब्यावरील अक्षरांहून महत्त्वाची आहेत.

बाजार आणि कर्ज

आपल्या व्यापारी वाचकांसाठी दोन शब्द. तिथे वस्तूवर छापलेल्या किमतीत कर धरलेला नसतो. गल्ल्यावर केंद्राचे पाच आणि प्रांताचे सहा असे अकरा टक्के वर चढतात. मूलभूत किराणा मालावर मात्र कर नाही. एक सेंटचे नाणे २०१३ साली वितरणातून गेले, म्हणून रोखीचा हिशेब पाचच्या पटीत केला जातो. सहकार तिथे खोल रुजला आहे. शहरातील सहकारी भांडार किराणाही विकते आणि पेट्रोलही, आणि वर्षअखेर सभासदाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा मिळतो. पतसंस्थाही मोठ्या आहेत. आपली मर्चंट्स बँक आणि पतसंस्था पाहत आलेल्या मला तिथे गेल्यावर ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले.

आता तो कागद. तीन लाख वीस हजार डॉलर, पाच टक्के दर धरला तर पंचवीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे १,८६१ डॉलर येतो. आपल्या पद्धतीने मासिक चक्रवाढ धरली तर तो सुमारे दहा डॉलरने अधिक आला असता. तिथे ठरावीक दराच्या गृहकर्जावर कायद्यानुसार व्याज सहामाहीच धरले जाते. परंतु दर पंचवीस वर्षांसाठी ठरलेला नसतो. साधारणतः पाच वर्षांनी करार संपतो आणि त्या वेळच्या दराने नव्याने करावा लागतो. स्वतःची रक्कम वीस टक्क्यांहून कमी असेल तर कर्जाचा विमा घ्यावा लागतो. राहत्या घराच्या व्याजावर आयकरात सवलत नाही. पण राहते घर विकून झालेल्या नफ्यावर सहसा करही नाही. याशिवाय नगरपालिकेचा मालमत्ता कर, घराचा विमा, आणि हिवाळ्यातले वायूचे बिल. हे सारे मांडल्यावर मुलाची मिळकत हप्त्यास पुरेशी होती. पाच वर्षांनी दर दोन टक्क्यांनी वाढला तरी तो तग धरेल, हेही मी तपासले. अर्जदार, उत्पन्न, मालमत्ता, परिसर: चारही रकाने भरले.

जे रकान्यात बसत नाही

तरीही सही करवेना. कारण ताळेबंदाची दुसरी बाजू होती.

तिथे चालत कुठे जाता येत नाही. मला गाडी चालवता येत नाही. बस आहे, पण उणे पंचवीस अंशांत थांब्यावर उभे राहणे साठीच्या माणसाचे काम नव्हे. दुपारी मुले कामावर, नात शाळेत, आणि आम्ही दोघे खिडकीशी. गल्लीत पाऊल वाजत नाही. हिंदू सोसायटीचे लक्ष्मीनारायण मंदिर आहे, तिथे दिवाळीला मराठी, गुजराती, तेलुगू अशी सारी कुटुंबे एकत्र येतात. पर्युषणात चार-पाच जैन घरे आळीपाळीने एकेकाच्या घरी प्रतिक्रमण करतात. मुलांना त्यातले शब्द पाठ आहेत, अर्थ आम्हाला विचारतात. परंतु पायी विहार करणारे आपले साधू-साध्वी त्या भूमीवर पोहोचणार नाहीत. ‘‘इथे दार उघडे ठेवून काय उपयोग, गोचरीला कोण येणार?’’ असे सौभाग्यवती एकदा सहज बोलून गेल्या. त्या घरात तो प्रश्न कित्येक दिवस रेंगाळला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी बंधूंना फोन केला. सस्कॅचेवानात घड्याळ वर्षभर बदलत नाही. नाशिक त्यांच्यापुढे साडेअकरा तास. तिथले रात्रीचे दहा म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, दुकान उघडण्याची वेळ. मी सारी हकिगत सांगितली, आणि शेवटी म्हणालो, ‘‘भाऊसाहेब, जागा तुम्ही राखून ठेवली होती. तुमचे मत हवे.’’

बंधू थोडा वेळ बोलले नाहीत. पोती उतरवणाऱ्या हमालांचे आवाज येत होते. मग ते म्हणाले, ‘‘आपले आजोबा मारवाडातून इथे आले, तेव्हा त्यांनी मागे कोणाचे दुकान सोडले होते, हे कधी कोणी विचारले का? पोराला घर घेऊ दे. फक्त एवढे सांग, वर्षातून एकदा पोरीला घेऊन यायचे. दुकान तिने पाहिले पाहिजे.’’

दुसऱ्या दिवशी मी त्या कागदाखाली, बँकेत लिहीत असे त्याच शब्दांत, ‘मंजुरीस शिफारस’ असे लिहून सही केली. खाली एक अट घातली: वार्षिक नाशिकवारी, नातीसह. मुलाने तो कागद कपाटातल्या फाइलीत न ठेवता फ्रिजच्या दारावर लावला.

आपल्यापैकी ज्यांची मुले अशा गावी निघाली आहेत, त्यांना अनुभवाने इतकेच सुचवतो. पगाराचा आकडा विचारण्यापूर्वी गावचा हिवाळा विचारा. शक्य तर स्वतः जा, आणि उन्हाळ्यात नव्हे, जानेवारीत जा. सुनेच्या जेवणाची वेळ पाहा. शेजारी कोण आहे, फावडे कोण उचलते, हे पाहा. तिथल्या सोयी कोणा एकाने दिलेल्या नाहीत. कर भरणाऱ्या आणि आपल्या दारापुढचा बर्फ आपण काढणाऱ्या माणसांनी त्या उभ्या केल्या आहेत. आपले मूल त्या माणसांत सामील व्हायला तयार असेल तर ते तिथे सुखी होईल. आणि परतीची आशा मनात ठेवून त्याला अर्धवट स्थिर होऊ देऊ नका. त्याने घरही होत नाही आणि दुकानही चालत नाही.

मे महिन्यात त्यांनी नव्या घरात प्रवेश केला. इथे सकाळचे साडेसात वाजले होते, तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ आणि अजून लख्ख ऊन. नातीने फोन हातात धरून सगळ्या खोल्या दाखवल्या, आणि शेवटी स्वयंपाकघरात डाळींच्या बरण्यांपाशी थांबली. मसुरीच्या बरणीवर तिने स्वतःच्या अक्षरांत मराठी चिठ्ठी लावली होती. ‘मसूर’मधला ऊकार ऱ्हस्व पडला होता. मी दुरुस्त करायला तोंड उघडले, तोच दुकानाकडे निघालेले बंधू माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, ‘‘राहू दे. दिवाळीला येईल तेव्हा दुकानातल्या पाटीवर पाहून शिकेल.’’